बाळ जेवायला लागलंय, मग अंगावरचं दूध कधीपर्यंत पाजायचं?

आधी तुझा प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे, सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण झालं, पण अजून दोन-चार चमच्यांच्या वर काही खात नाही, तोंड फिरवते नाहीतर थुंकते. अंगावर मात्र दिवसातून आठ-दहा वेळा आणि रात्री तीन-चार वेळा. साडेसातव्या महिन्यात वजन ६.९ किलो होतं, आता ७.२ आहे. सासूबाई म्हणतात अंगावरचं तोड म्हणजे आपोआप जेवेल, शेजारची म्हणते दोन वर्षं पाजच, आणि पुढच्या महिन्यात ऑफिस जॉइन करायचंय.

मी स्तनपान आणि बाळाच्या आहाराचं समुपदेशन करते, बालरोग ओपीडीत रोज हाच प्रश्न येतो, फक्त महिने बदलतात. तू वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

पहिलं उत्तर सरळ देते. आत्ता अंगावरचं बंद करू नकोस. एक वर्षापर्यंत तो विषयच काढायचा नाही. एक ते दोन वर्षांमध्ये पाजत राहायचं पण जेवण आधी आणि दूध नंतर, आणि दोन वर्षांनंतर तुम्हा दोघींना जोवर हवं असेल तोवर. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स दोघेही हेच सांगतात, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं अन्न सुरू करून दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा. पण नुसतं एवढं सांगून तुला घरी पाठवलं तर काही उपयोग नाही, कारण तुझी खरी अडचण वाटीत आहे. वाटीत काय आहे, किती घट्ट आहे आणि कुठल्या वेळेला समोर येतंय ते आधी बघूया, पाजायचं किती दिवस ते त्यावरून ठरतं.

वजन आधी. नऊ महिन्यांच्या मुलीसाठी ७.२ म्हणजे ग्रोथ चार्टवर हिरव्या पट्ट्यातच आहे, थोडं खालच्या बाजूला, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण दोन महिन्यांत ३०० ग्रॅम हे मला आवडलेलं नाही, या वयात साधारण ४०० ते ५०० वाढायला हवं होतं. म्हणजे दूध पुरत होतं ते आता एकटं पुरेना झालंय आणि वरचं पोटात जात नाहीये. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात, त्यातल्या पावणेचारशेच्या आसपास अंगावरच्या दुधातून मिळतात आणि ३०० जेवणातून यायला हव्यात. सहा ते आठ महिन्यांत हाच जेवणाचा वाटा २०० असतो आणि वर्षानंतर ५५० वर जातो. दुधाचा वाटा फार बदलत नाही, जेवणाचा वाढत जातो. आता यातून पावणेचारशे काढून टाकले तर दोन चमचे खाणारी मुलगी उद्या सकाळी उठून तीन वाट्या खाईल का? नाही खाणार. आठवडाभर रडेल, भुकेने दोन घास जास्त घेईल, घरात सगळ्यांना वाटेल जमलं, आणि महिन्याने वजनकाट्यावर कळेल. असं मी बऱ्याच वेळा बघितलंय म्हणून इतक्या ठामपणे बोलतेय.

सासूबाई जे बघतायत ते मात्र चुकीचं नाही हं. दर दीड तासाने अंगावर घेणाऱ्या बाळाला भूक लागतच नाही हे खरं आहे. फक्त त्याला उपाय दूध तोडणं नाही, वेळा लावणं आहे.

आता सांग, तू तिला काय देतेस? नव्वद टक्के घरांत मला एकच उत्तर मिळतं, वरणाचं पाणी, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व पातळ करून, नाहीतर सफरचंद उकडून. वरणाचं पाणी म्हणजे पाणीच गं. डाळ खाली राहते आणि वरचं बाळाला जातं. या वयाच्या बाळाचं पोट एका वेळेला किलोमागे साधारण ३० मिली धरतं, म्हणजे तुझ्या मुलीचं साधारण २१५ मिली, एक छोटी वाटी. ती वाटी पेजेने भरली की पोट भरलं, कॅलरी नाहीत, आणि तासाभरात परत भूक, परत अंगावर. मग आपण म्हणतो ही जेवत नाही. चमचा तिरका केला तर अन्न सहज ओघळून पडता कामा नये इतकं घट्ट हवं. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, गोळे राहू दे थोडे, हाताने कुस्करायची, मिक्सर आता कपाटात ठेवून दे. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेलं अन्न तोंडात गेलं नाही तर पुढे ही मुलं चावायला कंटाळतात, दोन वर्षांची होऊन सगळं वाटूनच मागतात. वरून एक चमचा साजूक तूप, एका छोट्या चमच्यात ४५ कॅलरी असतात, एवढी सोपी भर दुसरी नाही. शेंगदाण्याचं बारीक कूट, तीळ भाजून वाटून, दह्यात कालवलेला भात, उकडलेला बटाटा-रताळं तूप घालून, भाकरी दुधात किंवा वरणात भिजवून. तुमच्यात अंडं चालत असेल तर नीट उकडून अख्खं, पिवळं पांढरं दोन्ही, त्यासाठी वर्ष होईपर्यंत थांबायची गरज नाही. काटा काढलेला मासा, चिकन बारीक करून, कलेजी पण चालते. अख्खा शेंगदाणा, द्राक्ष, फुटाणे मात्र नको, घशात अडकतात. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवायलाही नाही. मीठ साखर वर्षापर्यंत नाही घातली तर बरं, आपल्या जिभेला बेचव लागतं म्हणून आपण घालतो, तिला काही फरक पडत नाही.

किती द्यायचं म्हणशील तर २५० मिलीची वाटी धर, त्यातली अर्धी, दिवसातून तीन-चार वेळा, आणि मध्ये एखादं फळ किंवा काहीतरी छोटं. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. आज दोन चमचे खातेय तर उद्या अर्धी वाटी होणार नाही, दोन-तीन आठवडे लागतील.

लोहाबद्दल मला जरा थांबून बोलायचंय कारण हे कोणी सांगत नाही. पोटात असताना बाळाने आईकडून लोह साठवून आणलेलं असतं, ते साधारण सहा महिने पुरतं. आईच्या दुधात लोह कमी असतं, जे असतं ते चांगलं शोषलं जातं पण सहा महिन्यांनंतर एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं अॅनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेली निघाली, तीनातली दोन. आणि रक्त कमी झालेल्या बाळाची पहिली गोष्ट काय जाते तर भूक. म्हणजे खात नाही म्हणून लोह नाही आणि लोह नाही म्हणून खात नाही, हे चक्र तुझ्या मुलीचं सुरू झालंय का ते बघायला हवं, डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन एकदा करून घे. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली देतात, आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात विचार, शहरात राहत असलीस तरी मिळतं. नाचणीवर एकटीवर विसंबू नकोस, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे पण लोहासाठी ती पुरी पडत नाही. डाळ, पालेभाजी, अंडं, मांस, आणि डाळभातावर थोडं लिंबू पिळ, त्याने लोह जास्त शोषलं जातं. चहात बुडवलेलं बिस्कीट घरात कोणी देत असेल, आजोबा वगैरे प्रेमाने देतात, तर ते थांबव. चहाने लोह अडतं आणि बिस्किटाने भूक मरते.

आणि तू शाकाहारी असशील, त्यातही दूधदही फार खात नसशील, तर जीवनसत्त्व बी-१२ ची तपासणी तुझी स्वतःची करून घे. ज्या आईला बी-१२ कमी तिच्या दुधातही कमी. बाळ बाहेरून गुटगुटीत दिसतं, अंगावर पितं, वरचं फारसं घेत नाही, आणि मग वर्षाच्या अलीकडे-पलीकडे लक्षात येतं की हे हसायचं कमी झालंय, बसायचं ते बसत नाही, केस पिंगट विरळ, बोटांच्या पेरांवर काळसरपणा, कधी हातपाय थरथरतात. अशी मुलं आपल्याकडे अजून येतात आणि आईवडिलांना वाटत असतं आम्ही तर एवढं अंगावर पाजतोय. लवकर ओळखलं तर उपचार आहेत, उशीर झाला तर बाळाच्या वाढीचं नुकसान राहून जाऊ शकतं. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की दोन वर्षं पाजतेय ना मग जेवणाचं काय टेन्शन, तेव्हा मला काळजी वाटते. दूध चालू ठेवायचं ते जेवणाच्या सोबत, जेवणाच्या ऐवजी नाही.

आता वेळा. सकाळी उठल्या उठल्या पोटभर अंगावर पाज. मग दीड-दोन तास काही नाही, पाणी चालेल दोन घोट. नऊच्या सुमाराला खाणं. त्यानंतर मागितलं तर थोडं अंगावर आणि झोप. दुपारी घरचे जेवायला बसतात तेव्हा तिलाही मांडी घालून शेजारी बसव, तिची वेगळी वाटी, तिला हात घालू दे, सांडू दे. उठली की अंगावर. संध्याकाळी पाचला काहीतरी खाणं, साडेसात-आठला जेवण, झोपताना अंगावर. म्हणजे दिवसभरात चार-पाच वेळा पाजणं होतं, दहाच्या जागी. प्रत्येक किरकिरीला ब्लाउज वर करायची सवय आपल्यालाच लागलेली असते, कंटाळली असेल, दात शिवशिवत असतील, कडेवर यायचं असेल, आधी ते बघ. मोबाईल लावून भरवू नकोस गं, तोंड उघडतं ते खरं पण पोट भरलंय का रिकामं आहे हे तिला कळायचं बंद होतं. वीस-पंचवीस मिनिटांत जेवढं खाल्लं तेवढं, वाटी उचलायची, चेहरा पाडायचा नाही.

रात्रीचं तीन-चार वेळा आहे ते हळूहळू एक-दोनवर आलं तर सकाळची भूक सुधारेल. पण या वयात रात्रीचं पूर्ण बंद करायचा हट्ट नको, त्यात तू ऑफिसला जायला लागलीस की ती रात्री जास्त मागेल, दिवसभराची आई तिला रात्री हवी असते. दात आले असतील तर सकाळ-रात्र घासायचे, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट.

ऑफिसमुळे बंद करावं लागेल असं अजिबात नाही, आणि इथे बायका विनाकारण हार मानतात. तेव्हा ती साडेदहा महिन्यांची असेल, तू नऊ ते सहा बाहेर असशील तर त्यात तिची दोन जेवणं आणि एक खाणं बसतं. निघताना पाजायचं, आल्यावर पाजायचं, झोपताना आणि रात्री. मधे एकदा काढलेलं दूध वाटी-चमच्याने नाहीतर छोट्या पेल्याने, बाटली नको, या वयात पेल्याने येतं पिता. हाताने काढायला शिक, पंप असेल तर उत्तम पण नसला तरी चालतं. काढलेलं दूध थंड जागेत ४ तास, फ्रिजमध्ये पुस्तकं ४ दिवस म्हणतात पण आपल्याकडे लाइट जाते, फ्रिज सारखा उघडतो, म्हणून मी आतल्या बाजूला ठेवून २४ तासच सांगते, दारातल्या कप्प्यात ठेवू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही. आणि हक्क माहीत असू दे, कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी वेगळी सुट्टी आहे, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. एचआरला मेल टाकून विचार, तोंडी नको.

गाईचं-म्हशीचं दूध ऑफिससाठी सुरू करू का असंही पुढे विचारशील म्हणून आत्ताच सांगते. वर्षाच्या आत पिण्याचं मुख्य दूध म्हणून नको. त्यात लोह जवळपास नाही आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने सूक्ष्म रक्तस्राव होतो, अॅनिमिया वाढतो. दही, खिरीत घातलेलं थोडं दूध चालेल. वर्षानंतर देता येतं पण दिवसाला ४००-५०० मिलीच्या आत, नाहीतर पुन्हा तेच, पोट दुधाने भरतं आणि जेवण राहतं. एखादीला काही कारणाने वर्षाच्या आत पाजणं थांबवावंच लागलं, तिचं औषध असेल, आजार असेल, तर डॉक्टरांशी बोलून फॉर्म्युला, म्हणजे बाळांसाठीचं पावडरचं दूध, द्यावा लागतो, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही, बाळ उपाशी नको राहायला.

वर्षानंतर दूध पाणचट होतं, त्यात काही उरत नाही, हे तुला किमान पाच जण सांगतील. खोटं आहे. दुधातलं फॅट आणि रोगप्रतिकारक घटक टिकून राहतात. दुसऱ्या वर्षात बाळाच्या एकूण कॅलरींचा साधारण तिसरा हिस्सा आणि जीवनसत्त्व अ चा तर मोठा भाग त्यातून मिळतो. पावसाळ्यात जुलाब-ताप आला की मूल जेवण पूर्ण टाकतं, तेव्हा अंगावरचं तेवढं घेतं, सलाईन टळतं त्याने. तुझ्याही शरीराला फायदा आहे, जितके महिने पाजशील तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होत जातो, प्रत्येक वर्षामागे चारएक टक्के. मात्र तू नीट जेव. पाजणाऱ्या बाईला या टप्प्यावर रोज ५०० च्या वर जास्तीच्या कॅलरी लागतात, आणि नोकरी सुरू झाली की पहिला डबा आईचाच अर्धा राहतो.

मग थांबायचं कधी हे तुझ्या बाबतीत मी असं बघेन. वर्ष झालंय, ती घरातलं जेवण तीन वेळा आणि मधे दोनदा खातेय, डाळ-अंडं-दही-भाजी-फळ यातलं बहुतेक रोज पोटात जातंय, दोन-तीन महिने वजन व्यवस्थित वाढतंय, हिमोग्लोबिन ठीक आहे. एवढं असेल आणि तुला मनापासून थांबावंसं वाटत असेल तर पंधराव्या महिन्यात थांबलीस तरी मी तुला काही बोलणार नाही, वरच्या दुधाने आणि जास्तीच्या एक-दोन खाण्यांनी ते भरून काढता येतं. एवढं होत नसेल तर दोन वर्षांपर्यंत चालू ठेव आणि तोवर वाटीवर काम कर. थकलीये, झोप नाही, चिडचिड होतेय हेही खरं कारण आहे, ते लपवायची गरज नाही, अशा वेळी रात्रीचं कमी करून दिवसाचं ठेवता येतं, सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. उलट तुला चालू ठेवायचंय आणि लोक एवढी मोठी झाली अजून पिते म्हणून नाक मुरडतायत, तर ते त्यांच्यापाशी.

थांबवताना सावकाश. एका वेळेचं दूध कमी करायचं, पाच-सात दिवस थांबायचं, मग दुसरं. दुपारचं आधी, झोपतानाचं सगळ्यात शेवटी. स्वतःहून द्यायचं नाही, मागितलं तर नाही म्हणायचं नाही, या एका नियमाने बरीच मुलं दोन-तीन महिन्यांत आपसूक सुटतात. झोपवायला बाबांना पुढे कर. आजारपण, पाळणाघर सुरू होणं, घर बदलणं, यातलं काही चालू असेल तर ते निभेपर्यंत थांब. कडुनिंब, मिरची, बिब्बा असलं काही लावायचं नाही, बिब्ब्याने कातडी भाजते, आईची पण आणि बाळाच्या तोंडाची पण. बाळाला चार दिवस आजीकडे पाठवून एकदम तोडणं हाही प्रकार नको, तिकडे बाळ घाबरतं आणि इकडे आईची छाती दगडासारखी होऊन ताप भरतो. जड वाटलं तर आराम पडेल एवढंच काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही. लाल गाठ आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध सुकवायच्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणायच्या नाहीत.

अजून एक, वरचं सुरू झाल्यापासून पाजण्याने दिवस राहत नाहीत हा भरवसा संपलाय, पाळी आली नसली तरी. त्याचं काहीतरी साधन डॉक्टरांना विचारून घे, पुष्कळ जणींची यात गडबड होते. आणि दोन आठवडे ही घट्ट खिचडी आणि वेळा करून बघ, त्याच वजनकाट्यावर परत वजन कर. २००-२५० ग्रॅम महिन्याला या हिशोबाने वाढताना दिसलं तर असंच चालू ठेव, अजिबात हललं नसेल किंवा हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलं तर बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखव, तोवर वर लावून दिलेल्या वेळांमधलं अंगावरचं एकही दूध कमी करू नकोस.